‘कर्नल’मध्ये ‘र’ आला कुठून?

प्रश्न असा आहे: सैन्यातल्या ‘कर्नल’चं इंग्रजी स्पेलिंग सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल. त्यात ‘आर’ नाहीच, मग आपण ‘र’ का म्हणतो? आणि या शब्दाचे अवयव, म्हणजे उच्चारातले तुकडे (इंग्रजीत ‘सिलॅबल’), दोन की तीन?

मूळ शब्द इटालियन. ‘कोलोन्ना’ म्हणजे खांब, त्यावरून सैन्याची लांब रांग, आणि त्या रांगेचा नायक तो ‘कोलोन्नेल्लो’. फ्रेंचांच्या तोंडी मात्र जवळजवळ आलेल्या दोन ‘ल’पैकी पहिल्याचा ‘र’ झाला: ‘कोरोनेल’. स्पॅनिशमध्ये आजही ‘कोरोनेल’च म्हणतात. सारखे ध्वनी लागोपाठ आले की जीभ त्यातला एखादा बदलून टाकते. आपल्याकडे संस्कृत ‘लाङ्गल’चा ‘नांगर’ झाला तो असाच. ‘निढळाचा घाम’ म्हणतो त्यातलं ‘निढळ’ही मूळचं ‘ललाट’, म्हणजे कपाळ!

इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या मध्याला फ्रेंचांचा ‘र’वालाच शब्द आला. पुढे त्याच शतकात इटालियन युद्धशास्त्राची पुस्तकं इंग्रजीत येऊ लागली, आणि पंडितांना मुळातला ‘ल’ जास्त शुद्ध वाटला. बराच काळ दोन्ही रूपं चालली. शेवटी लिहिण्यात ‘ल’ टिकला, बोलण्यात ‘र’.

तेव्हा अवयवही तीन होते. इंग्रज कवी मिल्टनच्या १६४२ सालच्या एका सुनीताची (सॉनेटची) पहिली ओळ ‘कॅप्टन ऑर कोलोनेल, ऑर नाइट इन आर्म्स’ अशी आहे. हा शब्द तीन अवयवांचा धरला तरच ओळीचे ठरलेले दहा अवयव भरतात. पुढे मधला स्वर झिजला आणि दोनच उरले. काही शब्दकोशांत ठिपके देऊन शब्दाचे तीन तुकडे दाखवलेले असतात, ते ओळीच्या शेवटी शब्द तोडायची वेळ आली तर कुठे तोडावा यासाठी. ते पाहून उच्चार ठरवू नये. बोलताना दोनच: कर्-नल.

इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात तर तो ‘र’ही आता ऐकू येत नाही, ‘कऽनल’सारखं काहीतरी ऐकू येतं, अमेरिकन लोक ‘र’ म्हणतात. धान्याच्या दाण्याला किंवा बीच्या गराला इंग्रजीत जो ‘कर्नल’ शब्द आहे, त्याचा उच्चारही हुबेहूब हाच. पण त्याचं खांबाशी काही नातं नाही, तो धान्यवाचक ‘कॉर्न’पासून झालेला जुना इंग्रजी शब्द आहे.