मार्क्स ब्रदर्सच्या जुन्या विनोदी चित्रपटांना धड कथाही नसते, मग लोक ते अजून का बघतात?

कथा नसते हे खरं, पण ती शोधायला जाऊच नका. हे भाऊ व्हॉडव्हिलमधून आलेले. अमेरिकेत तेव्हा गावोगावच्या थिएटरांत एकाच रात्री गाणं, कसरत, जादू, नकला असे सुटे प्रयोग लागायचे आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच मिनिटं यायची. तेवढ्यात हशा वसूल करावाच लागे. वर्षानुवर्षं असे प्रयोग केल्यावर कुठे थांबायचं, कुठे नुसतं वळून बघायचं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. मला खरी गोडी वाटते ती त्या मुरलेपणाची.

'डक सूप' (१९३३) मधला आरशाचा प्रसंगच घ्या. या भावांतला ग्राउचो बडबड्या, तर हार्पो पडद्यावर कधीच न बोलणारा. ग्राउचोचा वेश करून घरात शिरलेल्या हार्पोकडून मोठा आरसा फुटतो. ग्राउचो समोर येतो, तेव्हा पकडलं जाऊ नये म्हणून हार्पो त्याचं प्रतिबिंब बनून उभा राहतो. संवाद नाही, संगीतही नाही. ग्राउचो हळूच डोकावतो, हाही डोकावतो. मग ग्राउचो गर्रकन गिरकी घेतो. हार्पो गिरकी घेतच नाही, जागीच उभा राहतो आणि शेवटी फक्त हात पसरतो! पुढे तर एकाची टोपी खाली पडते आणि दुसरा ती उचलून देतो, तरी खेळ चालूच. ही कल्पना काही नवी नव्हती, मूकपटांतला फ्रेंच विनोदवीर मॅक्स लिंडर याने १९२१ मध्येच ती पडद्यावर आणली होती. पण इथलं टायमिंग बघत राहावं असं आहे.

'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' (१९३५) च्या वेळी तर त्यांनी चित्रीकरणाआधी त्यातले प्रसंग रंगमंचावर, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर करून पाहिले. हशा कुठे पडतो आणि किती वेळ टिकतो, हे तिथे कळलं. म्हणून हे चित्रपट चार जणांत बसून बघा. एकट्याने बघताना ज्या जागा रिकाम्या वाटतात, त्या हशासाठी सोडलेल्या असतात.

मधली प्रेमगीतं कंटाळवाणी वाटली तर खुशाल पुढे ढकला. ग्राउचोच्या कोट्या सबटायटलमध्ये निम्म्या हरवतात, म्हणून सुरुवात हार्पोकडे लक्ष ठेवून करा. त्यानंतर मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटन बघाच. तोही व्हॉडव्हिलचाच, लहानपणापासून आईवडिलांबरोबर रंगमंचावर आदळआपट करत वाढलेला.