कूलंटची गळती आणि चौदा हजारांचा प्रश्न

नाशिकच्या एका वाचकांची पेट्रोल गाडी नोव्हेंबर २०१२ मध्ये नोंदलेली आहे. तिच्यातून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, गळत असल्याने दर चार दिवसांनी पाणी घालावे लागते. गॅरेजने रेडिएटर, वॉटर पंप आणि होज (कूलंटच्या रबरी नळ्या) बदलण्याचे १४,००० रुपये सांगितले आहेत, आणि गाडी विकली तर जेमतेम एक लाख येतील. अशा गाडीवर पैसे घालावेत, की पाच लाखांचे कर्ज काढून दुसरी घ्यावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

आपण दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विक्रीकिमतीशी ताडून पाहिला आहे, पण गाडी विकायची नसेल तर ती तुलना उपयोगाची नाही. पाच लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १०,५०० रुपये पडतो आणि एकूण व्याज १,३०,००० च्या घरात जाते. म्हणजे ही दुरुस्ती दीड हप्त्याहूनही स्वस्त आहे.

मात्र हे गणित गळती इंजिनाबाहेर असेल तरच खरे. तीन भाग एकदम बदलायला सांगितले आहेत, त्यावरून गळती नेमकी कुठे आहे हे अजून कोणी तपासलेले नसावे, अशी मला शंका येते. आधी थंड इंजिनावर प्रेशर टेस्ट, म्हणजे कूलंटच्या यंत्रणेत दाब देऊन गळती शोधण्याची तपासणी, करून घ्या. दाब दिल्यावर पंपाखाली किंवा होजच्या क्लॅम्पपाशी थेंब दिसला, तर तेवढाच भाग बदलून काम भागेल. बाहेर कुठेच ओल नाही, तरी टेस्टच्या दाबाचा काटा खाली येतो आणि डिपस्टिकवरचे (ऑइल मोजायच्या पट्टीवरचे) ऑइल दुधाळ दिसते, अशी स्थिती असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले सील, गेल्याचा संशय घ्यावा. हेड उतरवल्यावर खर्च कुठवर जाईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून आपली मर्यादा आजच ठरवून ठेवा. मी ती ३०,००० धरेन, कारण नोव्हेंबर २०२७ मध्ये नोंदणीची १५ वर्षे संपतील आणि नूतनीकरणासाठी फिटनेस तपासणी, शुल्क व पर्यावरण कर हा वेगळा खर्च उभा राहील.

पैसे आकस्मिक निधीतून काढा. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर हे काम करू नका. विम्यावरही विसंबू नका, कारण झिजेमुळे झालेली गळती आणि त्यातून तापून बसलेले इंजिन नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत धरले जात नाही. मी स्वतः एकदा होजचे काम पुढे ढकलत नळाचे पाणी भरत राहिलो आणि कसारा घाटात गाडी तापल्यावर हेडचे फेसिंग (वाकलेला पृष्ठभाग घासून सपाट करणे) करून घ्यावे लागले. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट बिल आले.

टेस्ट होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. तापमानाचा काटा वर चढलाच तर इंजिन बंद करा, रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका आणि गाडी टो करून न्या.