‘हुंडणावळ’ चढली, तर शेतकऱ्याचे नुकसान कसे?

प्रश्न असा आहे: १९३०च्या आसपासच्या एका मराठी लेखात ‘हुंडणावळ सोळा पेन्सांवरून अठरा पेन्सांवर नेल्याने कापूस पिकवणारा बुडाला’ अशा अर्थाचे वाक्य आले. हुंडणावळ म्हणजे विनिमय दरच ना? आणि आज दर वाढला की माल परदेशी पाठवणाऱ्याला जास्त रुपये मिळतात, मग तेव्हा उलटे कसे झाले?

हुंडणावळ म्हणजे त्या वाक्यात विनिमय दरच. पण शब्दाचे मूळ पाहिले की दुसऱ्या शंकेचे उत्तरही निम्मे मिळते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

घडवण्याची घडणावळ, दळण्याची दळणावळ, धुण्याची धुणावळ, तशी हुंडीची हुंडणावळ. दूरच्या गावी पैसे पाठवायचे तर रोकड बांधून नेण्यापेक्षा सराफाकडून हुंडी, म्हणजे त्या गावी दाखवून पैसे मिळवण्याची चिठ्ठी, घेत. सराफ त्याबद्दल जे घेई, त्यात पैसे पोचवण्याचा मोबदला असे, हुंडी दर्शनी (दाखवताच पैसे मिळणारी) नसून मुदती (ठरल्या मुदतीनंतर पैसे मिळणारी) असेल तर व्याज असे, आणि दोन गावांची नाणी वेगळी असतील तर त्यांच्या किमतीतला फरकही असे. पेशवाईत चांदवडी, अंकुशी असे निरनिराळे रुपये चालत आणि एकाच्या बदल्यात दुसरा घेताना बट्टा द्यावा लागे. मराठवाड्यात तर निजामाचा हाली रुपया आणि ब्रिटिश कलदार ही जोडी विसाव्या शतकातही होती. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब तिथल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असे. सांगायचे इतकेच, की दोन चलनांमधला भाव ही कल्पना मराठीला साहेबाकडून शिकावी लागली नाही.

आता लंडनकडे. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडमध्ये मोठी रक्कम पौंडांत द्यावी लागे: कर्जावरचे व्याज, अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, तिथे केलेली खरेदी. ती उभी करण्यासाठी भारतमंत्री, म्हणजे ब्रिटिश मंत्रिमंडळातले हिंदुस्थानचा कारभार पाहणारे मंत्री, लंडनमध्ये ‘कौन्सिल बिले’ विकत. व्यापारी तिथे पौंड भरी आणि त्या कागदावर मुंबई, कलकत्ता किंवा मद्रासच्या सरकारी खजिन्यातून रुपये मिळत. ही सरळसरळ हुंडीच झाली! तेव्हाच्या मराठी लेखकांनी तिच्या भावाला हुंडणावळ म्हटले, ते मला अगदी नेमके वाटते.

या व्यवहारात विकला जात होता तो रुपया. म्हणून भाव सांगायचा तो रुपयाचा, आणि तो पेन्सांत. ‘हुंडणावळ सोळा पेन्स’ म्हणजे एका रुपयाला सोळा पेन्स. पौंडाचे तेव्हा २४० पेन्स होते (शंभर झाले ते १९७१ साली, जुने आकडे तपासताना इथेच घोटाळा होतो), तेव्हा सोळा पेन्सांच्या दराने पौंडाला १५ रुपये पडत. अठरा पेन्सांच्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै.

आज आपण उलट बाजूने मोजतो: एका डॉलरला किती रुपये. त्यामुळे आजचा ‘दर वाढला’ म्हणजे रुपया पडला, आणि तेव्हाची ‘हुंडणावळ चढली’ म्हणजे रुपया वधारला. धान्याची धारणही पूर्वी ‘रुपयाला इतके शेर’ अशी सांगत आणि तिथेही आकडा मोठा झाला की स्वस्ताई समजायची, तसेच हे.

तुमच्या वाक्यातल्या शेतकऱ्याचा हिशेब आता करून पाहू. परदेशात १५ पौंडांना विकला जाणारा कापूस सोळा पेन्सांच्या दराने २२५ रुपये आणतो, अठरा पेन्सांच्या दराने २०० रुपये. सारा, सावकाराचे व्याज मात्र रुपयांत जसेच्या तसे. म्हणून हा वाद इतका कडवट झाला. हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करणाऱ्या १९२६च्या हिल्टन यंग आयोगाने अठरा पेन्सांची शिफारस केली, तेव्हा आयोगाचे सदस्य असलेले मुंबईचे सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्न मत नोंदवून सोळा पेन्सांचा आग्रह धरला. सरकारने १९२७मध्ये अठराच कायम केले. सरकारच्या दृष्टीने ते सोयीचेच होते, कारण रुपया जितका महाग तितके लंडनचे देणे कमी रुपयांत भागे. रुपया चांदीचा होता, त्यामुळे चांदी घसरू लागल्यापासून, म्हणजे १८७३ नंतर, दोन शिलिंगांच्या (चोवीस पेन्सांच्या) आसपासचा रुपया १८९०च्या दशकात तेरा-चौदा पेन्सांपर्यंत उतरला होता आणि त्या काळात हेच देणे सरकारला फार जड गेले होते. १८९३ साली टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या, म्हणजे चांदी देऊन रुपये पाडून घेण्याची लोकांची मुभा संपली, ती त्यामुळेच.

अठरा पेन्सांचा तो दर पुढे थेट जून १९६६पर्यंत टिकला. १९४९ साली पौंडाचे अवमूल्यन झाले तेव्हा रुपयाचेही त्याच प्रमाणात झाले, म्हणून त्या दोघांमधला भाव हलला नाही. डॉलर मात्र ३.३०वरून ४.७६ रुपयांवर गेला.

१९६६च्या अवमूल्यनाबद्दलही बाजूचा हाच गोंधळ आढळतो. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. कुणी लिहितो ३६.५ टक्के, कुणी ५७.५ टक्के, आणि वाचक बुचकळ्यात पडतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. रुपयाची डॉलरमधली किंमत ३६.५ टक्क्यांनी घटली, डॉलरची रुपयांतली किंमत ५७.५ टक्क्यांनी वाढली. लिहिणाऱ्याने कोणाची किंमत ते सांगायलाच हवे.

म्हणून आजच्या लेखनात नुसते ‘विनिमय दर वाढला’ लिहू नये असे मला मनापासून वाटते. ‘डॉलर महागला’ किंवा ‘रुपया घसरला’ लिहिले की शंका उरत नाही. ‘अवमूल्यन’ हा शब्द सरकारने ठरवून दर उतरवला तरच वापरावा. बाजारात रुपया आपोआप उतरला तर ती घसरण. आणि १९२७च्या वादाबद्दल लिहायचे असेल, तर ‘हुंडणावळ’च लिहा.