सगळ्या मुलांशी सारखं वागूनही वर्गात काही मुलांवर अन्याय होतो का? संशोधन काय सांगतं?

चार वर्षं शिकवताय, कुणाला झुकतं माप देत नाही, कुणाचा राग धरत नाही. तरीही वर्ष संपताना पुढे गेलेल्या आणि मागे राहिलेल्या मुलांची नावं पाहिली, की ती घरच्या परिस्थितीप्रमाणेच विभागलेली दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. यात शिक्षकाचा वाटा किती आणि शिक्षकाला करता येण्यासारखं काय, हा तुमचा प्रश्न.

मी एकवीस वर्षं शिकवते आहे आणि या विषयावरचं जे संशोधन हाती लागेल ते वाचते. माझं उत्तर असं: हो, अन्याय होतो, आणि बहुतेक वेळा तो करावा असं कुणाच्या मनातही नसतं. जिथे ठरवायला नीट निकष नसतो आणि आपण अंदाजाने पुढे जातो, तिथे तो शिरतो. आपण अंदाजाने नेमकं कुठे ठरवतो ते सापडलं, की त्यातलं बरंचसं दुरुस्त करता येतं.

पेपर तपासणीपासून सुरुवात करते, कारण तिथला पुरावा सगळ्यात स्पष्ट आहे. रेमा हाना आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतात केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी मुलांची एक बक्षिसाची परीक्षा घेतली आणि उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानावर जात, वय, मुलगा की मुलगी ही माहिती चिठ्ठ्या काढाव्यात तशी वाटून लिहिली. म्हणजे आतल्या उत्तरांचा आणि वरच्या जातीचा काहीही संबंध नव्हता. तरीही खालची समजली जाणारी जात लिहिलेल्या पेपरांना सरासरीने थोडे कमी गुण पडले, प्रमाण विचलनाच्या, म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाच्या, ०.०३ ते ०.०८ पट. फरक मोठा नाही, हे आधीच सांगते. पण त्या अभ्यासातल्या दोन गोष्टी मला अजून सोडत नाहीत. एक, हा फरक गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या पेपरांत जास्त होता. एकूण मुलांनी कसं लिहिलंय याचा अंदाज आला नव्हता, तोवर तपासणाऱ्यांनी वरच्या माहितीचा आधार घेतला. दुसरी गोष्ट ऐकायला जड जाते: कमी गुण देण्याचा हा कल मुख्यतः त्याच खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींतल्या शिक्षकांमध्ये दिसला. म्हणून ‘मी तसा नाही’ किंवा ‘मी त्यातलाच आहे, माझ्याकडून कसं होईल’ यावर विसंबून राहता येत नाही.

याच्या जोडीला डेव्हिड क्विन यांचा २०२० सालचा अमेरिकेतला अभ्यास ठेवा. दीड हजारांहून जास्त शिक्षकांना दुसरीतल्या मुलाने लिहिलेला एक छोटा प्रसंग वाचायला दिला. मजकूर सगळ्यांना एकच, फक्त त्यातल्या भावाचं नाव काहींच्या कागदावर डेशॉन होतं, काहींच्या कागदावर कॉनर. पहिलं नाव तिकडे कृष्णवर्णीय घरातलं वाटतं, दुसरं गोऱ्या घरातलं. ‘हे लिखाण दुसरीच्या पातळीला आहे का?’ असं मोघम विचारलं, तेव्हा डेशॉनवाल्या लिखाणाला ‘आहे’ म्हणणारे शिक्षक शंभरामागे जवळपास ५ने कमी भरले. पण प्रसंग नीट मांडलाय का, तपशील दिलेत का, अशा ठरलेल्या निकषांवर तेच लिखाण तपासलं, तेव्हा फरक सापडला नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. शिक्षकांचं मन बदलायला वर्षं लागतील, पण निकष लिहून काढायला एक संध्याकाळ पुरते.

मी स्वतः काय करते ते सांगते. निबंधाचे निकष गठ्ठा उघडण्याआधी लिहून ठेवते. सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, अशी तपासते आणि दर प्रश्नाला गठ्ठा उलटा करते, म्हणजे माझा थकवा दर वेळी त्याच मुलांच्या वाट्याला येत नाही. (मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये संगणकावर नोंदलेले ३ कोटींहून जास्त गुण पाहिले. वर्णानुक्रमाने यादी आल्यावर शेवटच्या आडनावांना शंभरात सुमारे ०.६ गुण कमी पडत होते. ते विद्यार्थी महाविद्यालयातले, पण थकवा सगळीकडे सारखाच.) शेवटी पहिले दहा पेपर पुन्हा पाहते. नाव झाकूनही अक्षर ओळखू येतं, म्हणून एका वर्षी सहकारी शिक्षिकेशी गठ्ठे बदलून घेतले. बहुतेकांचे गुण जवळपास तेच आले. सहा जणांचे बदलले. त्यातल्या दोघांबद्दल ‘त्याचं लिखाण जरा कच्चंच आहे’ असं मी स्टाफरूममध्ये किती वेळा म्हटलं होतं ते आठवून मला लाज वाटली.

आता तुमच्या ‘सारखं वागतो’ या शब्दांकडे येते, कारण खरी मेख तिथे आहे. जेसिका कलार्को या समाजशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत तिसरी ते पाचवीच्या मुलांबरोबर बसल्या आणि अडल्यावर मुलं काय करतात ते टिपत राहिल्या. मध्यमवर्गीय घरातली मुलं थेट हाक मारायची, जागेवरून उठून बाईंपाशी यायची, पहिल्यांदा समजलं नाही तर पुन्हा विचारायची. कष्टकरी घरातली मुलं वाट बघायची. हात वर केला तरी तो थोडा वेळच, आणि बऱ्याचदा तोही नाही. शिक्षक मात्र सगळ्यांशी सारखेच वागत होते: जो विचारेल त्याला मदत. विचारणारी मुलं ठरावीक असल्यामुळे मदतही त्यांच्याकडेच जास्त वळली.

गप्प बसणाऱ्या मुलाला काही पडलेलं नसतं, असं आपण पटकन धरून चालतो. कलार्कोंच्या अभ्यासात आईवडिलांशी बोलल्यावर उलट चित्र दिसतं. त्या मुलांना घरी मुद्दाम शिकवलेलं असतं की शिक्षकांचा मान ठेवायचा, त्यांना त्रास द्यायचा नाही, स्वतःचं स्वतः सोडवायला शिकायचं. किती चांगली शिकवण आहे ही! आणि वर्गात तिचाच तोटा होतो, कारण ‘अडलं तर हक्काने विचारा, विचारलेलं मला आवडतं’ हे आपण त्यांना नेमक्या शब्दांत कधी सांगितलेलंच नसतं.

हे वाचल्यावर मी एक आठवडा पटाची यादी टेबलावर ठेवली आणि ज्या मुलाला तासात जागेवर जाऊन मदत केली त्याच्या नावापुढे टिंब देत गेले. अडतीस मुलांच्या वर्गात अकरा नावांपुढे एकही टिंब नव्हतं. त्यातली निम्मी माझ्या मते ‘व्यवस्थित चाललेली’ मुलं होती. तेव्हापासून सराव चालू असताना मी ठरलेल्या क्रमाने फिरते आणि सुरुवात सगळ्यात शांत कोपऱ्यापासून करते. ‘समजलं का?’ हा प्रश्नच बंद केला. त्याला ‘हो’ म्हणून सुटका होते. ‘याच्या पुढची पायरी काय लिहिशील?’ असं विचारते.

प्रश्न विचारून थांबण्याचंही असंच आहे. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणसंशोधिकेने १९७० च्या दशकातच मोजून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. संशोधन जुनं आहे, पण उद्याच्या तासाला करून पाहा. ते तीन सेकंद किती लांब वाटतात ते कळेल.

‘कच्चा’ हा शब्द आपण किती सहज वापरतो, याबद्दल २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांची गणितं तपासली. दोन-तीन वस्तूंचा हिशेब आणि परत द्यायचे पैसे ही मुलं तोंडी बिनचूक सांगत होती. तेवढीच आकडेमोड शाळेच्या पुस्तकातल्यासारखी कागदावर मांडली की त्यांची गाडी अडायची. याउलट शाळेतल्या मुलांना कागदावरचं जमायचं, पण बाजारातला हिशेब करताना ती चाचपडायची. मला यातून इतकंच दिसतं की एका मांडणीत मूल अडलं म्हणून त्याला ते येत नाही असं ठरवता येत नाही, आणि दोन मांडण्यांमधला पूल आपण बांधला नाही तर तो आपोआप बांधला जात नाही.

स्पर्धेसाठी, जादा तासासाठी, खास वर्गासाठी मुलं कशी निवडता तेही पाहा. फ्लोरिडातल्या एका मोठ्या जिल्ह्यात बुद्धिमान मुलांच्या वर्गासाठी आधी शिक्षक किंवा पालक नाव सुचवायचे, मग त्या मुलाची चाचणी व्हायची. २००५ च्या सुमारास दुसरीतल्या सगळ्याच मुलांची एक छोटी प्राथमिक चाचणी सुरू झाली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी तिचा परिणाम अभ्यासला. पात्रतेची अट खाली आणली नव्हती, तरी त्या वर्गात जाणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण ८० टक्क्यांनी आणि लॅटिन अमेरिकी मुळाच्या मुलांचं १३० टक्क्यांनी वाढलं. म्हणजे ही मुलं आधीही तेवढीच हुशार होती, त्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं. पुढे पैसे वाचवायला ती चाचणी बंद झाली आणि जुनी दरी परत आली. म्हणून ‘कोण भाग घेणार?’ असं विचारून वर आलेल्या हातांतून निवडण्याऐवजी मी आधी सगळ्यांकडून एकेक छोटा तुकडा करून घेते. वेळ जातो, पण दर वर्षी एखादं तरी अनपेक्षित नाव पुढे येतं.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. नुसतं ऐकवण्यापेक्षा तासातच सोडवायला लावणं सगळ्यांच्याच फायद्याचं, पण मागे राहिलेल्यांच्या जास्त फायद्याचं. अमेरिकेतल्या विज्ञान-गणिताच्या पदवी वर्गांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, अशा पद्धतीने वंचित गटांतले विद्यार्थी आणि इतर यांच्या परीक्षेतल्या गुणांमधली दरी ३३ टक्क्यांनी कमी झाली, आणि तीही तासाचा बराच भाग त्यावर दिला तेव्हाच. कारण उघड आहे. सराव घरावर सोडला की घरी जे शांतता, वेळ आणि समजावून सांगणारं माणूस मिळतं तेच गुणांमध्ये उतरतं.

तुम्ही पातळीनुसार गट करावेत का असंही विचारलंय. इथे संशोधन वरवर पाहता उलटसुलट वाटेल. केनियात १२१ शाळांमधल्या प्रयोगात पहिलीची मुलं आधीच्या गुणांनुसार दोन वर्गांत विभागली, तेव्हा वरच्या आणि खालच्या दोन्ही गटांचा फायदा झाला, कारण शिक्षकांना मुलांच्या पातळीवर उतरून शिकवता आलं. फिनलंडने मात्र १९७२ ते १९७७ या काळात उलट केलं. तिथे अकराव्या वर्षीच मुलांना दोन वेगळ्या प्रकारच्या शाळांत पाठवत, ते थांबवून सोळाव्या वर्षापर्यंत सगळ्यांना एकत्र शिकवायला सुरुवात केली. वडिलांच्या उत्पन्नावरून मुलाचं उत्पन्न ठरण्याचा जोर त्यानंतर सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाला. मला यात विरोध वाटत नाही. आज काय शिकवायचं ते ठरवायला केलेला गट वेगळा, आणि मुलाचं पुढचं सगळं आयुष्य ठरवणारी वाटणी वेगळी. मी वाचनाचे गट करते, पण दर सहा आठवड्यांनी मोडते, आणि सगळ्यात मागच्या गटाला स्वतः शिकवते.

यातलं काहीच शाळेच्या पैशाला पर्याय नाही, हेही स्वच्छ सांगायला हवं. किराबो जॅक्सन या अर्थशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या शाळांबद्दल दाखवलं की शाळेची बारा वर्षं दर विद्यार्थ्यामागे १० टक्के जास्त खर्च झाला तर ती मुलं मोठेपणी सुमारे ७ टक्के जास्त कमावतात, आणि गरीब घरातल्या मुलांना त्याचा फायदा अधिक होतो. तो खर्च तुमच्या-माझ्या हातात नाही. त्याचा दोष स्वतःवर घेऊ नका.

पण स्वतःबद्दल कळून घ्यायला घाबरूही नका. इटलीत शिक्षकांची छुपे पूर्वग्रह मोजणारी चाचणी घेतली आणि काहींना सत्राचे गुण द्यायच्या आधीच त्यांचा निकाल सांगितला. ज्यांना आधी कळलं त्यांनी स्थलांतरित मुलांना, नंतर कळलेल्या शिक्षकांपेक्षा जास्त गुण दिले.

सगळं एकदम करायला जाऊ नका. या सत्रात फक्त पेपर घ्या: निकष आधी, नाव झाकलेलं, पहिले दहा पुन्हा. पुढच्या सत्रात एक आठवडा टिंबांची यादी ठेवा. कुणाच्या नावापुढे जागा कोरी राहिली ते मला जरूर कळवा.