मुलीला रेसिडेन्शियल ट्रीटमेंट सेंटरमध्ये पाठवावं का?

मुलगी सोळाची, दोनदा हॉस्पिटलात राहून आलेली. आता अशी सेंटरं सुचवणारा कन्सल्टंट म्हणतोय न्यू जर्सीहून थेट युटा राज्यातल्या सेंटरला, म्हणजे मुलांना तिथेच ठेवून मानसिक उपचार करणाऱ्या संस्थेत पाठवा, पुढे ट्रान्झिशनल लिव्हिंग, म्हणजे स्वतंत्र राहायला शिकण्याचा टप्पा, बघू. पाठवावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी अमेरिकेतच एका रेसिडेन्शियल सेंटरमध्ये फॅमिली थेरपिस्ट होते. जिवाला धोका असेल आणि घरी राहून होणारे उपचार खरोखर करून झाले असतील, तर पाठवा. पण ती परत येईल तेव्हा काय, हे ठरल्याशिवाय नको.

कारण आत गेलेली मुलं पटकन सुधारलेली दिसतात. मोबाइल नाही, ते मित्र नाहीत, बुटांना नाड्या नाहीत, रात्री दर पंधरा मिनिटांनी टॉर्च घेऊन डोकावणारा स्टाफ. पॉइंट जमले की लेव्हल वाढते, लेव्हल वाढली की बाहेर जायला मिळतं. मुलं हुशार असतात, कसं वागलं की काय मिळतं हे त्यांना लगेच कळतं. त्यातलं किती घरी टिकणार, हे तुमच्यावरही अवलंबून आहे. एक बाबा फॅमिली सेशनला कॅमेरा बंद ठेवून ऑफिसची कामं उरकायचे. लेक त्या काळ्या चौकोनाकडे बघत उत्तरं द्यायची. तिची लेव्हल सगळ्यात वरची होती, आणि घरी जायच्या आठवड्यात तिची झोप उडाली.

म्हणून सेंटरला पहिल्याच फोनवर विचारा: फॅमिली थेरपी दर आठवड्याला आहे का, आणि डिस्चार्जचं नियोजन कधी सुरू होतं? 'ते नंतर बघू' म्हणाले तर दुसरं सेंटर शोधा. फॉस्टर केअरमधल्या, म्हणजे आईवडिलांपासून काढून सरकारने दुसरीकडे सांभाळायला ठेवलेल्या मुलांसाठीच्या २०१८ च्या केंद्रीय कायद्यात तर घरी सोडल्यावर किमान ६ महिने पाठपुरावा हवा असं लिहिलंय. पैसे भरणाऱ्या पालकांनी त्याहून कमी का मागावं?

युटाबद्दल थोडं. हॉटेलवाल्या हिल्टन घराण्यातली सेलिब्रिटी पॅरिस हिल्टन हिने किशोरवयात तिथल्या संस्थेत काय सोसलं ते विधिमंडळापुढे सांगितलं, आणि २०२१ मध्ये तिथे कायदा कडक झाला. आठवड्यातून एकदा तरी घरच्यांशी खासगीत बोलू देणं त्यात बंधनकारक आहे. तरीही २०२४ च्या सिनेट समितीच्या अहवालात देशभरातल्या अशा संस्थांमधल्या मारहाणीच्या आणि दुर्लक्षाच्या तक्रारी वाचून पोटात गोळा येतो. तेव्हा 'पहिले काही आठवडे फोन नाही' असं कुणी सांगितलं तर विषय तिथेच संपवा. राज्याच्या लायसन्सिंग खात्याचे तपासणी अहवाल वाचा, वेबसाइटवरचे घोड्यांचे फोटो नव्हेत. कन्सल्टंटला सेंटरकडून काही मिळतं का, हेही तोंडावर विचारा. त्याला राग आला तर येऊ दे.

ट्रान्झिशनल लिव्हिंगची गल्लत करू नका. सरकारी अनुदानावरचा त्या नावाचा कार्यक्रम १६ ते २१ वयाच्या बेघर मुलांसाठी आहे. साधारण ५४० दिवस राहायला जागा, नोकरी, शिक्षण, स्वतःचा हिशेब स्वतः ठेवणं. तो उपचार नव्हे. खासगी सेंटरं हेच नाव आपल्या पुढच्या टप्प्याला लावतात आणि त्याचे पैसे वेगळे घेतात. तुमच्या मुलीला घर आहे, त्यामुळे घरी राहून दिवसभराचा उपचारांचा प्रोग्रॅम करता येतो का ते आधी बघा.

आणि पहाटे झोपेतून उठवून घेऊन जाणारी ट्रान्सपोर्टची माणसं कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. तिला आधी सांगा. रडेल, ओरडेल, दार आपटेल. तरी स्वतः सोडायला जा.