सापाच्या इंजेक्शनसाठी नको, रक्तासाठी ड्रोन मागा

प्रश्न : डॉक्टरसाहेब, मी गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात आशा म्हणून काम करते. आमचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, नाल्यापलीकडे आहे. मागच्या रोवणीत एका पोराला रात्री झोपेत मण्यार चावला. नाल्याला पूर. लोकांनी खाटेवर टाकून जंगलातून वळसा घालून नेला. दवाखान्यात पोचेपर्यंत त्याच्या पापण्या उघडत नव्हत्या. पोरगा वाचला, पण मला अजून झोप लागत नाही. आता धानाच्या बांधीत फवारणीचा ड्रोन येतो, दहा लिटर औषध उचलतो. मग तो सापाचं इंजेक्शन नाही का आणणार? ग्रामसभेत ठराव घ्यावा म्हणते.
– एक आशाताई

उत्तर : ताई, ठराव जरूर घ्या. फक्त त्यात सापाच्या इंजेक्शनसाठी ड्रोन मागू नका, रक्तासाठी मागा.

सापाचं इंजेक्शन आपल्याकडे बहुतेक कोरड्या पुडीच्या कुप्यांत येतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चारही सापांवर एकच. थंड, कोरड्या जागी ते चांगलं टिकतं, म्हणजे मे महिन्यातच आरोग्य केंद्रात भरून ठेवता येतं. ऐन पुरात ते आभाळातून मागवायची वेळ आली, तर उन्हाळ्यात कुणीतरी आपलं काम केलेलं नाही. आणि समजा, ते टोल्यावर उतरलं, तर देणार कोण? सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या सलाइनमधून जातात. अंगावर गांधी उठल्या, रक्तदाब पडला, तर त्याच क्षणी ॲड्रेनालिन द्यावं लागतं. मण्यारच्या विषानं श्वास बंद पडतो, मग तोंडावर मास्क धरून श्वास देणारा फुगा तासन्‌तास दाबत बसावं लागतं. तुम्ही पोराला वळसा घालून नेलंत, तेच बरोबर होतं. त्या रात्रीबद्दल स्वतःला दोष देऊ नका.

शहरातही हेच आहे, नुसती वस्तू पोचून भागत नाही, हाताशी जाणतं माणूस लागतं. स्वीडनमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये बर्फ उपसताना एका ७१ वर्षांच्या गृहस्थांचं हृदय बंद पडलं. ड्रोननं तीन-साडेतीन मिनिटांत शॉक द्यायचं यंत्र आणून टाकलं. ते वाचले, कारण कामावर निघालेले एक डॉक्टर नेमके तिथून जात होते आणि त्यांनी छाती दाबायला आधीच सुरुवात केली होती.

रक्ताचं मात्र तसं नाही. लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंशांतच ठेवावी लागते, ३५ ते ४२ दिवसांत तिची मुदत संपते, शिवाय गट जुळावा लागतो. प्रत्येक लहान दवाखान्यात सगळ्या गटांच्या पिशव्या भरून ठेवणं शक्यच नाही. रक्त लागेल तेव्हाच यावं लागतं.

मी नोकरीत नवा असताना असाच एका नदीपलीकडच्या ग्रामीण रुग्णालयात होतो. श्रावणातली रात्र. बाई तिसऱ्या खेपेची. वार पडली आणि रक्त थांबेना. इंजेक्शनं दिली, पोट चोळलं, शेवटी आत मूठ घालून गर्भाशय दाबून धरलं. सिस्टर आणि मी आळीपाळीनं. जिल्ह्याहून ओ गटाच्या दोन पिशव्या निघाल्या. जीप नदीकाठी येऊन थांबली. उजाडल्याशिवाय डोंगा टाकणार नाही, असं डोंगेवाला म्हणाला, आणि त्याचं खरं होतं. सकाळी त्यानं थर्माकोलचा डबा डोक्यावर धरून आणला. उघडला, तर बर्फ आणि पिशव्यांच्या मध्ये टॉवेलची घडी होती. बर्फ थेट लागला तर पेशी फुटतात, म्हणून पाठवणाऱ्यानं ती घातली होती. पिशव्या अगदी नीट होत्या. बाई साडेचारलाच गेली होती.

नदी तिथे चारशे मीटरही रुंद नसेल. आणि पाऊस रात्री अकरालाच उघडला होता.

ही शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मुसळधार पावसात, वादळात ड्रोन उडत नाही, त्याची आशा धरू नका. पण आपल्याकडे पाऊस उघडतो आणि पूर ओसरायला रात्र जाते, कधी दोन दिवस जातात. भामरागडला पर्लकोटेच्या पुरात दरवर्षी हेच होतं. त्या मधल्या वेळात ड्रोन कामाचा.

हे होऊ शकतं का? रवांडात २०१६ पासून होतंय. तिथला ड्रोन उतरतही नाही, वरूनच छोट्या पॅराशूटनं रक्ताचा खोका सोडतो. मध्यवर्ती ठिकाणाहून रक्त जाऊ लागल्यावर तिथे मुदत संपून फेकावं लागणारं रक्तही कमी झालं. आपल्याच राज्यात डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झापला ३०० लसी नऊ-एक मिनिटांत गेल्या, रस्त्यानं चाळीस मिनिटं लागतात. आणि मे २०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं दिल्ली-नोएडा भागात रक्ताच्या दहा पिशव्या ड्रोननं नेऊन चाचणी घेतली.

फवारणीच्या ड्रोनकडून मात्र हे होणार नाही. भरल्या टाकीनं त्याची बॅटरी पंधरा मिनिटंही पुरत नाही, आणि तो बांधीवर, डोळ्यांसमोर फिरवायचा असतो. लांब जाणारा ड्रोन वेगळा, बहुधा विमानासारख्या पंखांचा. नजरेआड उडवायला वेगळी परवानगी लागते, आणि आपल्या जिल्ह्यात पोलिसांना आधी कळवल्याशिवाय कुणी काही उडवू नये.

तेव्हा ठरावात एवढं लिहा : मे अखेरपर्यंत आमच्या आरोग्य केंद्रात सापाच्या इंजेक्शनच्या किमान वीस कुप्या आणि श्वासाचा फुगा असावा, आणि नग आमच्यासमोर मोजून दाखवावेत. पावसाळ्यात दिवस भरत आलेल्या बायांना आठ दिवस आधी माहेरघरात, म्हणजे बाळंतपणापर्यंत दवाखान्याजवळ राहायच्या खोलीत, जागा मिळावी. जिल्ह्यातून आमच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत रक्तासाठी ड्रोनची सोय व्हावी. आणि गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचा रक्तगट तुमच्या वहीत पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा, त्याला ठराव लागत नाही.