घणसोलीच्या ५६००जी ला कुठली रॅम: नवा किट की जुन्या स्टिकला जोडीदार?

तुझा प्रश्न थोडक्यात असा की घणसोलीला घरी रायझन ५ ५६००जी प्रोसेसरचा पीसी आहे, रॅमच्या चार स्लॉटचा बी४५० मदरबोर्ड, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, रॅमची ८ जीबीची एकच ३२०० स्पीडची स्टिक, आणि व्हिडिओ एडिटिंगचं दाविंची रिझॉल्व्ह उघडलं की मशीन रडायला लागतं. वाशीचा दुकानदार म्हणतो अजून एक ८ ची टाक, झालं काम. मावसभाऊ म्हणतो घेतोच आहेस तर ३६०० चा रंगीत लाइटचा आरजीबीवाला घे. माझं विचारशील तर २×१६ चा (१६ जीबीच्या दोन स्टिक), ३२०० सीएल१६ (सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती थांबवते, त्याच स्पीडला कमी तेवढा बरा), एक सीलबंद किट घे आणि जुनी स्टिक विकून टाक. दोघंही अगदीच चुकीचं सांगत नाहीयेत पण अर्धं अर्धं सांगतायत.

आधी दुकानदाराचं काय बरोबर आहे ते. तुझ्या प्रोसेसरमधलं वेगा ग्राफिक्स स्वतःची मेमरी घेऊन येत नाही, ते तुझ्या रॅममधूनच खातं, आणि आत्ता एकच स्टिक म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधला एकच रस्ता, एकच चॅनल, म्हणजे ३२०० ला सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी, एका नळावर दोन बिऱ्हाडं. दुसरा चॅनल चालू झाला की तोच आकडा ५१.२ होतो. ज्याच्याकडे ग्राफिक कार्ड आहे त्याला दुसरी स्टिक टाकून जेवढा फरक कळेल त्याच्या कितीतरी जास्त तुला कळेल, गेममध्ये तर पहिल्याच दिवशी. त्यामुळे पैशांची खरंच ओढाताण असेल तर अजून एक ८ टाकणं हा मूर्खपणा नाही, आहे त्यापेक्षा शंभर टक्के बरं.

पण तू रिझॉल्व्ह म्हणालास ना, तिथे गाडी अडते. रिझॉल्व्हवाले स्वतः १६ जीबी सांगतात आणि त्यातलाच इफेक्टचा भाग, फ्युजन, वापरणार असशील तर ३२. आणि तुझे १६ हे पूर्ण १६ नसतात. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक कर, खाली 'हार्डवेअर रिझर्व्ड' दिसेल, तेवढी रॅम ग्राफिक्सने आधीच बाजूला काढून ठेवलेली असते, बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची बोर्डाची सेटिंग) २ जीबी दिले असतील तर उरले १४, त्यात विंडोज, क्रोमच्या टॅब, आणि मग एडिटिंग. वर्षभरात परत हाच प्रश्न घेऊन येशील. एक मात्र सांगून ठेवतो, रॅम वाढवली म्हणून एक्स्पोर्ट दुप्पट वेगाने होणार नाही, ते काम मुख्यतः प्रोसेसर आणि ग्राफिक्सचं आहे आणि ते तुझे तेच राहणार. टाइमलाइन अडकणं, मधेच बंद पडणं, हार्डडिस्कचा लाल दिवा पेटून राहणं हे कमी होईल. प्रॉक्सी (व्हिडिओची हलकी कॉपी) बनवून एडिट करायची सवय लाव, ती फुकट आहे.

आता जुन्या स्टिकबरोबर नवीन का नको. किट म्हणजे फक्त एका डब्यात दोन स्टिक नाही, त्या जोडीने त्या स्पीडला तपासलेल्या असतात. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन स्टिकवर मॉडेल नंबर तोच असला तरी आतली चिप वेगळी असू शकते, कंपन्या राजरोस बदलतात. कॉर्सेअरच्या स्टिकवरचा स्टिकर नीट बघ, बारीक अक्षरात 'व्हर्जन' आणि पुढे आकडा असतो, ३ ने सुरू होत असेल तर मायक्रॉनची चिप, ४ म्हणजे सॅमसंग, ५ म्हणजे हायनिक्स. मॉडेल तेच, माल वेगळा. चालतात बऱ्याचदा, नाही असं नाही, पण जेव्हा चालत नाहीत तेव्हा सरळ बंद पडत नाहीत हा खरा वैताग आहे. कोपरीतल्या एका मित्राकडे अशाच दोन स्टिक होत्या, दिवसभर ब्राउझिंग व्यवस्थित, आणि लांब एक्स्पोर्ट लावला की मधेच निळा स्क्रीन. त्याने आधी विंडोज परत टाकलं, मग एसएसडीवर संशय, मग पॉवर सप्लायवर. शेवटी स्पीड २६६६ ला आणल्यावर गप्प बसलं. ३२०० चे पैसे देऊन २६६६ वापरायचं तर मग काय मजा.

त्याच कारणाने नवीन २×१६ घेऊन जुनी ८ ची तिसऱ्या स्लॉटला लटकवू नकोस. ४० जीबी दिसायला छान दिसतं, पण सगळ्या स्टिक मिळून एकाच टायमिंगवर चालतात, म्हणजे सगळ्यात ढिल्या स्टिकच्या.

मावसभावाच्या ३६०० चं बोलू. स्पीडचा आकडा एकटा बघू नये, सीएल बरोबर बघायचा. सीएलला २००० ने गुण आणि स्पीडने भाग, उत्तर नॅनोसेकंदात येतं. ३२०० सीएल१६ चे १०, ३६०० सीएल१८ चे पण १०च, आणि स्वस्तात मिळणारी ३२०० सीएल२२ ची १३.७५. तुझी आत्ताची बहुतेक सीएल२२ वाली असेल, सीपीयू-झेड टाकून मेमरीच्या टॅबमध्ये बघ (तिथे १६०० दिसलं तर घाबरू नको, तो आकडा निम्माच दाखवतात). ३६०० ला बँडविड्थ थोडी जास्त मिळते, वेगा ग्राफिक्सला तिचा उपयोग होतोही, त्यामुळे फरक दोन-चारशे रुपयांचा असेल तर घे बिनधास्त. त्याहून जास्त असेल तर नको, आणि आरजीबी लाइटचे जास्तीचे पैसे तर अजिबात नको. मोठा एअर कूलर असेल तर उंच हीटसिंकची रॅम त्याच्या पंख्याला अडते हे पण लक्षात ठेव.

डीडीआर५ बसेल का विचारलंस, नाही बसणार. पिना दोन्हीला २८८च आहेत पण खाच वेगळ्या जागी असते, आणि तुझ्या बोर्ड-प्रोसेसरचा एएम४ प्लॅटफॉर्मच डीडीआर४ चा आहे. त्यासाठी बोर्ड-प्रोसेसर सगळं बदलायला आत्ताचे दिवस नाहीत. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, कंपन्यांनी माल एआय डेटासेंटरकडे वळवलाय, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशिअल नावाने ग्राहकांना विकायचा धंदाच बंद करायचं जाहीर केलं. म्हणून सेकंडहँड पण बघायला हरकत नाही, पुढच्या पिढीच्या एएम५ वर गेलेले लोक चांगले किट काढतायत. फक्त सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम 'ईसीसी १६ जीबी, एकदम स्वस्त' म्हणून गळ्यात मारतात ती घेऊ नकोस, तुझ्या बोर्डवर चालणारच नाही. आणि हिरव्या पट्टीच्या ओईएम (तयार पीसीतून निघालेल्या) स्टिकवर १आर×१६ छापलं असेल तर सोड, १आर×८ किंवा २आर×८ बघ, ×१६ वाल्या त्याच स्पीडला पण मागे पडतात.

घ्यायची कुठून? एवढ्या एका वस्तूसाठी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर अर्धा दिवस घालवायची गरज नाही, पूर्ण पीसी घेताना जा. वाशी नाहीतर ठाण्याला स्टेशनजवळ विचार, ऑनलाइनचा भाव मोबाइलवर दाखव, थोडं जास्त मागितलं तरी जवळच्याकडून घे, कारण खराब निघाली तर परत द्यायला रिक्षाने जाता येतं. मात्र बदलून किती दिवसांत देणार ते पैसे द्यायच्या आधी विचार. बिल पक्कं, जीएसटी नंबरचं, त्यावर दोन्ही स्टिकचे सीरियल. दोन सुट्या स्टिक रबर लावून 'किटच आहे हा' म्हणून देतात, तसं नको. मॉडेल नंबर वाचायला शीक: सीएमके३२जीएक्स४एम२ई३२००सी१६, यात ३२जी म्हणजे एकूण ३२, एक्स४ म्हणजे डीडीआर४, एम२ म्हणजे दोन स्टिक, मग स्पीड, मग सीएल. एम१ दिसलं तर ती सुटी.

बसवताना प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट, पहिला-दुसरा नाही. खाडीच्या बाजूची आपली दमट हवा आहे, जुनी स्टिक काढलीस की तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसून कीस झटकून टाक, विकताना पण बरी दिसेल. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काळा राहून दोन-तीनदा रीस्टार्ट होऊ शकतं, हात लावू नको. मग बायोसमध्ये रॅमला तिचा छापील स्पीड देणारी एक्सएमपी सेटिंग चालू कर (काही बोर्डवर डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी नाव असतं), नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० ला पडून राहील. विंडोजमध्ये जायच्या आधी पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लाव. एक एरर आली तरी स्टिक परत, 'एवढं चालतं' म्हणणाऱ्याचं ऐकू नको.

बोर्डवर छापलेलं पूर्ण मॉडेल आणि बायोसचं व्हर्जन कळव, कंपनीच्या साइटवरच्या सपोर्टेड मेमरीच्या यादीत तुझा किट आहे का बघून सांगतो, तोपर्यंत पैसे देऊ नकोस.